दोन मालकांची गाडी

मी गाडीखाली डोकं घातलं, तर तिथे आधीच एक माणूस आडवा झालेला होता.

“या ना,” तो म्हणाला.

मी एवढी दचकले की कपाळ सायलेन्सरवर आपटलं. नशीब, इंजिन थंड होतं.

“लागलं का?”

“नाही,” मी म्हणाले. चांगलंच लागलं होतं. “गाडी तुमची?”

“नाही हो, मी घ्यायला आलोय. म्हणजे... बघायला. तुम्ही?”

“मीसुद्धा.”

झालं! एका गाडीला दोन गिऱ्हाइकं, आणि दोघंही तिच्या पोटाखाली. वर पत्र्याच्या शेडवर बारीक पाऊस वाजत होता आणि गाडीचा मालक फोनवर कुणाला तरी सांगत होता, “मागणी फार आहे हो, लोक गाडीखालून हलायला तयार नाहीत.” त्या माणसाच्या गालावर ग्रीसचा डाग होता आणि डोळे हसरे होते. पण मी डोळे बघायला आले नव्हते. मी चासी बघायला आले होते, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा.

स्क्रूड्रायव्हरची मूठ मी चासीवर ठोकली. खणखणीत आवाज यायला हवा होता, आला तो नुसता ‘ठप्प’. त्याने माझ्याकडे बघून एक भुवई वर केली आणि नखाने काळा रंग खरवडला. ताज्या रंगाचा पापुद्रा सुटला आणि आतला गंजाचा भुगा थेट त्याच्या नाकावर पडला.

“वरून कीर्तन, आतून तमाशा,” तो हळूच म्हणाला, आणि शिंकला.

मला हसू फुटलं. लगेच डोळ्यांत पाणीही आलं. कारण मी बघितलेली ही कितवी गाडी होती कोण जाणे, आणि महिना सरत चालला होता.

माझी काळजी थोडक्यात सांगते. थोडक्यात सांगणं मला जमत नाही. बाबा मला ‘काळजीबाई’ म्हणतात ते काही उगाच नाही. डोंगरातल्या वस्त्यांवरून डायलिसिसच्या पेशंटना शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचं आणि परत घरी सोडायचं, हे माझं काम. सुरू केलं बाबांनी, पण त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून स्टिअरिंग माझ्या हातात आलं. आमची जुनी गाडी आम्ही बापलेक अंगणातच उघडायचो, अंगणातच मिटवायचो. पण आता तिची चासी कुजली होती. महिनाअखेरीला परवाना संपतोय आणि पुन्हा मिळणार नाही, असं तपासणीवाल्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

मधे एकदा चुलतभावाची नवीकोरी एसयूव्ही मागून आणली होती. भर घाटात ती थांबली आणि पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.’ फोनला रेंज नाही; संपर्क साधणार कुणाशी, डोंगराशी? बोनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण. बोट घालायला जागा नव्हती. आणि मागच्या सीटवर भूमितीच्या बाई बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्याच असणाऱ्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणाऱ्या. पाय सुजलेले, श्वास वर चढलेला. दुधाचा एक टेम्पो देवासारखा आला म्हणून पोचलो.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला अशी गाडी हवी होती, जी रस्त्यात रुसली तर मलाच समजावता येईल. ती मिळाली नाही तर बाईंना स्वतःचं घर सोडून शहरात कुणाच्या तरी खोलीत जाऊन राहावं लागणार होतं. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, “त्यापेक्षा मी डायलिसिसच बंद करते.” आणि बाई गंमत करत नव्हत्या.

शेडबाहेरच्या टपरीवर त्या माणसाने दोन चहा सांगितले. मला न विचारता.

“आणि तुम्हाला कशाला हवी असली जुनी उंच गाडी?” मी विचारलं.

“माझ्या मधमाश्या आहेत,” तो म्हणाला. “फुलोरा जिकडे, तिकडे पेट्या न्याव्या लागतात. गाडी बंद पडली की मेकॅनिक येतो, मागचा गुणगुणाट ऐकतो आणि आल्या पावली परत फिरतो. शेवटी स्वतःच शिकलो.”

“आणि समजा... चालत्या गाडीत पेटी उघडली तर?”

“काच खाली करायची आणि शांतपणे एखादं गाणं म्हणायचं.”

“खरंच?”

“छे. दार उघडायचं आणि पळायचं.”

मी चहा सांडला. तो मात्र गंभीर चेहरा करून रुमाल पुढे धरून बसला होता. रुमालाला मेणाचा वास होता.

“असं करू या का...” तो जरा अडखळला. “तुम्हाला इंजिनातलं कळतं, हे त्या ठोकण्यावरूनच दिसलं. मला वायरिंगमधलं कळतं. दोघांनी मिळून बघू. फसायची शक्यता निम्मी.”

“आणि दोघांना एकच गाडी आवडली तर?”

“तेव्हा भांडू. आत्तापासून कशाला?”

मी तर आत्तापासूनच मनातल्या मनात भांडायला लागले होते. पण हो म्हणाले.

मग आमची वरात निघाली. बाबांनी गाडी पारखायची एक रीत घालून दिली होती. बोनेट उघडायचं आणि इंजिनाच्या बाजूने खाली बघायचं. जमीन दिसली, म्हणजे हात जाईल. नाही दिसली, तर नमस्कार करून निघायचं. दुसरी परीक्षा हेडलाइटच्या बल्बची. विकणाऱ्यासमोरच बल्ब काढून पुन्हा बसवून बघायचा. एका शोरूममधल्या विक्रेत्याने तर हातच जोडले, “मॅडम, बल्बसाठी बंपर उतरवावा लागतो. पण बल्ब जातच नाही ना!”

“माणूसही जातच नाही असं वाटतं,” मधवाले म्हणाले. मी त्यांना मधवालेच म्हणायचे. “वेळ आली की कळतं.”

ते मला ‘ड्रायव्हरबाई’ म्हणायचे. एका गाडीत जमीन दिसली, पण तिचे पार्ट मिळायचे बंद झाले होते. एकीचं इंजिन मालकाने आम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलं होतं, म्हणजे थंड असताना ते सुरू होत नसणार. मी बोनेटला हात लावला, मधवाल्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही एक शब्द न बोलता परत फिरलो. रस्त्यात पाऊस लागला तर एका छत्रीत यावं लागायचं. छत्री ते माझ्याकडे एवढी झुकवायचे की त्यांचा एक खांदा ठिबकत असायचा.

“तुम्ही भिजताय,” मी म्हणायचे.

“मी धुतला जातोय,” ते म्हणायचे. “तुम्ही काळजी करू नका.”

‘काळजी करू नका’ असं मला आजवर शेकडो लोकांनी सांगितलंय, आणि दर वेळी माझी काळजी वाढली आहे. त्यांनी सांगितलं की मात्र... जरा कमी व्हायची. आणि मग ती का कमी झाली, याची काळजी लागायची!

अखेर गाडी सापडली ती एका म्हाताऱ्या जनावरांच्या डॉक्टरांकडे. गुडघे गेले म्हणून ते गाडी विकत होते, पण मुलीचं लग्न ठरवावं तशा चौकशा करत होते. राखाडी रंग, चौकोनी अंग, बोनेटखाली भरपूर मोकळी जागा आणि खाली स्वच्छ दिसणारी जमीन. चासीचा आवाज असा खणखणीत की मला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. जवळ मधवालेच उभे होते म्हणून आवरलं.

“फिल्टर बदलून दाखवा,” डॉक्टर म्हणाले. “ज्याला स्वतःला बघता येत नाही, त्याला मी गाडी देणार नाही.”

मी बाह्या सरसावल्या. मधवाले पाने हातात देत होते. मी नंबर सांगायच्या आतच बरोबर तो पाना पुढे यायचा. काम झालं, डॉक्टर खूश झाले, आणि म्हणाले, “घ्या! दोघांपैकी कुणाच्या नावावर करू?”

मी पुसलेला पाना पुन्हा पुसायला लागले. मला गाडी हवीच होती, बाईंसाठी हवी होती. आणि गाडी मिळाली की उद्यापासून हा माणूस शनिवारी, रविवारी, कुठल्याही वारी दिसणार नाही, हेही कळत होतं.

“यांच्या नावावर करा,” मधवाले म्हणाले. “यांची निकड मोठी आहे.”

“मग तुमच्या पेट्या?” मी विचारलं.

“फुलं थांबतील थोडी.”

“फुलं कुणासाठी थांबत नाहीत. तुम्हीच सांगितलं होतंत.”

ते बोटांवर काहीतरी मोजायला लागले. मग हळूच म्हणाले, “पेशंटचे वार तीन... सोमवार, बुधवार, शुक्रवार. मला पेट्या हलवायच्या असतात त्या शनिवार-रविवारी. गाडी तर... एकच पुरेल. तुमची हरकत नसेल तर—”

दोघांच्या नावावर गाडी झाली. बाबांनी खुर्चीतूनच कपाळाला हात लावला.

“भागीचं घोडं किवणानं मेलं, ऐकलंयस ना? हा म्हणेल तिने बघितलं असेल, तू म्हणशील त्याने बघितलं असेल. मधल्यामध्ये गाडी मरेल.”

“आम्ही दोघंही बघू, बाबा.”

“ते दिसतंयच,” बाबा म्हणाले. “एकमेकांकडे!”

पहिले दिवस सोन्याचे गेले. बाईंना उंच सीट आवडली. शुक्रवारी संध्याकाळी मधवाले गाडी न्यायला यायचे, रविवारी आणून द्यायचे. आणि किल्ली दोघांकडे एकेक, म्हणजे द्यायचं-घ्यायचं काहीच नाही, तरी त्याला तासभर लागायचा. बोनेट उघडून आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकायचो. गाडीला मधाचा आणि धुराचा वास यायला लागला होता. एकदा इंजिनाचा पट्टा ताणताना त्यांचा हात माझ्या हातावर आला, आणि पट्टा ताणून झाल्यावरही... जरा वेळ तिथेच राहिला. बाबा खुर्चीतून ओरडले, “ऑइल बघायला एवढा उजेड पुरतोय का रे?”

त्या रविवारी ऑइल खरंच मोजपट्टीच्या खालच्या रेघेवर आलं होतं.

“उद्या सकाळी घालते,” मी म्हणाले.

“सकाळी तुमची धांदल असते.”

“असू दे. मी विसरणार नाही.”

विसरायचा प्रश्नच नव्हता. गॅस बंद केलाय का हे मी तीनदा बघते, कुलूप लावल्यावर ते ओढून बघते, आणि चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढते. पण सोमवारी सकाळी गाडीचं दार उघडलं, तर ड्रायव्हरच्या सीटवर मधाची एक छोटी बाटली ठेवलेली. कोवळ्या उन्हात चमकत होती. म्हणजे ते उजाडताच येऊन गेले होते! कशाला आले होते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी गुणगुणत ऑइलचा कॅन उघडला, ओतला, झाकण लावलं. पट्टी काढून बघितलीच नाही. जन्मात पहिल्यांदा.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर आरशात निळसर धूर दिसला. आधी वाटलं धुकं असेल. मग गाडी धापा टाकायला लागली.

“काय गं?” मागून बाईंनी विचारलं.

“काही नाही, बाई.” मी गाडी कडेला घेतली. पाऊस सुरू झाला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाईंच्या पायांकडे बघितलं. शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर ते नेहमीपेक्षा जास्त सुजलेले होते. आज टेम्पोही आला नाही तर? बाईंना धाप लागली तर? मला समोरचं दिसेना.

“इकडे बघ,” बाई त्यांच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. “पक्ष काय?”

“अं?”

“दिलेलं काय आहे?”

“धूर... निळा धूर. आणि गाडीला जोर नाही.”

“साध्य?”

“तुम्हाला वेळेत पोचवणं.”

“मग रडतेस काय? सिद्धता कर. मी छत्री धरते.”

बाईंना मी खाली उतरू दिलं नाही. त्यांनी दारातूनच छत्री बाहेर धरली, आणि ती माझ्यावर नाही, इंजिनावर धरली. मी पट्टी ओढली. पुसली, घातली, पुन्हा ओढली. ऑइल वरच्या रेघेच्या कितीतरी वर. एवढं कसं? मी तर एकच कॅन... आणि मग मला ती मधाची बाटली आठवली. ते उजाडताच कशाला आले होते, ते आत्ता, भर पावसात, घाटात कळलं. जास्त झालेलं ऑइल इंजिन घुसळत होतं आणि जाळत होतं. तसंच दामटलं असतं तर इंजिन कायमचं बसलं असतं.

जरा वेळ इंजिन निवू दिलं. तो वेळ कसा काढला ते विचारू नका. मग पाना घेऊन खाली शिरले. मागे त्यांचा मधाचा एक रिकामा डबा होता, तो खाली धरला आणि ड्रेनचा नट बेताबेताने सैल केला. काळं ऑइल मनगटावरून गेलं, चटका बसला, मी ओठ चावला. थोडं सोडलं, नट आवळला, बाहेर येऊन पट्टी बघितली. पुन्हा खाली. पुन्हा बाहेर. पट्टीवरचं ऑइल रेघेवर आलं तेव्हा माझ्या अंगावर चिखल, ऑइल आणि पाऊस असं सगळं होतं. गाडी चालू केली. आधी भकाभका धूर, मग थोडा... मग नाही.

“इति सिद्धम्,” बाई म्हणाल्या आणि मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.

आम्ही उशिरा पोचलो, पण पोचलो. बाईंना आत मशीनवर घेतलं. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, “ठीक आहेत,” आणि तेव्हा कुठे मी बाकावर बसले आणि मधवाल्यांना फोन केला. गाडी घाटात बंद पडली होती, एवढंच सांगितलं.

ते मोटारसायकलवरून आले, नखशिखांत भिजून. मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

“तुम्ही ऑइल घातलंत?” मी विचारलं.

“हो... सकाळी. तुम्हाला घाई होऊ नये म्हणून. आवाज नको म्हणून मोटारसायकल ढकलत आणली होती. मला वाटलं, तुम्ही पट्टी बघाल आणि तुम्हाला... बरं वाटेल.”

“मीही घातलं. पट्टी न बघता.”

“तुम्ही? न बघता?”

“बाटली बघत होते.”

ते माझ्यापासून जरा दूर, बाकाच्या टोकाला बसले. त्यांच्या बाहीतून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“बाईंना काही झालं असतं तर,” ते म्हणाले. “गाडी तुमच्या एकटीच्या नावावर करा. मी दुसरीकडे बघतो. एका गाडीवर एकच हात असलेला बरा. वडील बरोबर बोलले होते तुमचे.”

शहाणपणाचंच होतं ते. सकाळी घाटात मीही अगदी हेच ठरवलं होतं: पुन्हा कुणाला गाडीला हात लावू द्यायचा नाही, कुणाला सीटवर काही ठेवू द्यायचं नाही, पुन्हा गुणगुणायचं नाही. मला ‘बरं’ म्हणायचं होतं. ते उठले, आणि मला एकदम घाटातल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

“बस,” मी म्हणाले.

ते थांबले. मी त्यांना पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते.

“गाडी मला उघडता येते,” मी म्हणाले. “आज कळलं. घाबरले होते, तरी आलं. पण तू गेलास तर ते मला दुरुस्त करता येणार नाही. तिथे माझा काही इलाज नाही. मला तू आवडतोस. ऑइल घालणारा, न सांगता येणारा, भिजणारा. फार आवडतोस. आता मला काय करायचं ते सांग.”

तो बसला. शेजारी, अगदी जवळ. माझं भाजलेलं मनगट त्याने आपल्या गार तळहातावर घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

“मला पहिल्या दिवसापासून तू... पण बोललो नाही. वाटायचं, हिच्या डोक्याला एवढा घोर आहे, त्यात माझी भर कशाला.” मग त्याचा आवाज खाली गेला. “आणि समजा, मी पुन्हा चुकलो तर?”

जन्मभर मी जगाला विचारत आलेला प्रश्न आज मला कुणीतरी विचारत होतं. आणि गंमत म्हणजे मला उत्तर माहीत होतं.

“तर मी गाडी कडेला घेईन, चूक निस्तरीन, बाईंना पोचवीन. आणि मग तुला घरी येऊन चांगली ओरडेन.”

“कुणाच्या घरी?” त्याने विचारलं.

आतल्या खोलीत बाईंचं मशीन एका लयीत चालू होतं. मी त्याच्याकडे बघितलं. भीती होती, नाही असं नाही.

“आपल्या,” मी म्हणाले.